ना पाक, ना भट्टी : घरच्या खोबऱ्या-दाण्याचे लाडू



ऊस विकास खात्याकडून लेख आला म्हणजे तो बेणेप्रक्रियेवर, हुमणीवर नाहीतर खोडव्याच्या निगेवर असणार, अशी आपली समजूत असते आणि ती चुकीची नाही. या अंकात मात्र आम्ही लाडवांवर लिहीत आहोत. "साहेब, उसाचं सोडून लाडवाचं काय काढलंत?" असे कुणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, या लाडवात पडणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू आपल्या शिवारात होऊ शकते. भुईमूग सुरू उसाच्या सरीत येतो, नारळ विहिरीच्या कडेला उभा असतो, तीळ बांधालगतच्या तुकड्यात होतो आणि गोडी तर आपल्या उसाचीच. एवढे सगळे घरचे असताना पोरांच्या हातात मात्र दुकानातला रंगीत पुडा, हे काही हिशेबात बसत नाही.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. शेतकऱ्याच्या घरची एक जुनी खोड आहे. टपोऱ्या शेंगा बाजाराला जातात आणि पोचट, किडकी, पावसात भिजलेली रास घरात राहते. "घरी खायला काय, चालतंय की!" असे म्हणून ती मडक्यात भरली जाते. तिचाच कूट होतो, तोच भाजीत पडतो आणि त्याचेच लाडू होतात. हे चालत नाही. ते का चालत नाही, हे पुढे सविस्तर सांगणार आहोत. आधी लाडवाची कृती पाहू, म्हणजे घरची मंडळी लेख शेवटपर्यंत वाचतील.

हे नवे नाही, आपलेच आहे

हल्ली शिकलेल्या मुली मोबाईलवर बघून खोबरे, खजूर आणि काजू-बदाम यांचे छोटे गोळे घरी वळतात. त्याला 'ट्रफल' म्हणतात. मूळचा ट्रफल हा फ्रान्समधला चॉकलेटचा गोळा. तिकडे जमिनीखाली वाढणारे एक महागडे भूछत्र असते. ते मातीने माखलेल्या ढेकळासारखे दिसते. कोको लावलेला गोळा तसाच दिसतो म्हणून त्याला भूछत्राचे नाव पडले. पुढे भट्टीशिवाय वळलेल्या कोणत्याही छोट्या गोड गोळ्याला लोक ट्रफल म्हणू लागले.

आता आपल्या घरात बघा. गणपतीच्या आरतीनंतर हातावर पडणारी खिरापत आठवावी. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस, असे पाच 'ख' एकत्र केले की झाले पंचखाद्य. त्याला चुलीवर शिजवायचे नाही की पाक करायचा नाही. दाण्याचा लाडू तसाच. भाजलेले दाणे आणि गूळ उखळात कुटले की तेल सुटून गोळा आपोआप वळला जातो. तेव्हा ट्रफल शिकायला कुठे लांब जायला नको. आपल्या सासवा-आज्यांनी तो कधीचाच करून ठेवला आहे, नाव तेवढे साधे ठेवले.

या प्रकाराचा मोठा फायदा म्हणजे पाकाची धास्ती नाही. रव्याचा किंवा बुंदीचा लाडू म्हटला की पाक एकतारी झाला की दोनतारी, यात सुगरणीचाही जीव टांगणीला लागतो. पाक पुढे गेला तर लाडू दगड, मागे राहिला तर लगदा. इथे ती भानगडच नाही. दाणे आणि तीळ भाजण्यापुरता विस्तव लागतो, तोही आदल्या दिवशी उरकता येतो. दिवसभर भांगलणीला जाणाऱ्या बाईला संध्याकाळी अर्ध्या तासात उरकेल आणि दहा-बारा वर्षांच्या पोरा-पोरींनाही जमेल, असे हे काम आहे. मिक्सरपाशी मात्र मोठे माणूस असावे.

साहित्य

निवडलेले शेंगदाणे : पाव किलो
सुके खोबरे, बारीक किसलेले : १०० ग्रॅम
गूळ, बारीक चिरलेला : १५० ग्रॅम
तीळ : ५० ग्रॅम
साजूक तूप : २ लहान चमचे
वेलदोडे : ४ ते ५, आणि चवीपुरते जायफळ

कृती

दाणे मंद आचेवर भाजावेत. घाईने मोठा जाळ केला तर वरून काळे आणि आतून कच्चे राहतात. दाणा बोटांनी चुरला असता साल सहज सुटली आणि आतला रंग फिकट बदामी झाला की उतरवावेत. पूर्ण गार झाल्यावर सुपात पाखडून सालपट काढावे. तीळ वेगळे भाजावेत, कारण ते दाण्यांच्या निम्म्या वेळातच तडतडू लागतात. खोबऱ्याचा कीस भाजू नये. उन्हात तासभर ठेवला तरी पुरे.

गार दाणे आणि तीळ यांचा जाडसर कूट करावा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवला की भांडे तापते आणि कुटाचा लगदा होतो. मग त्यात गूळ आणि वेलदोडा-जायफळाची पूड घालून पुन्हा दोन-तीनदा फिरवावे. आता कूट ओलसर दिसू लागतो. मुठीत दाबला की गोळा होतो. तसे झाले की परातीत काढून त्यात तीन वाट्यांपैकी दोन वाट्या या प्रमाणात खोबऱ्याचा कीस मिसळावा आणि तूप घालून मळावे. सुपारीहून थोडे मोठे लाडू वळावेत आणि उरलेल्या किसात घोळवून घ्यावेत. एवढ्या साहित्यात साधारण २२ लाडू होतात.

मिश्रण भुरभुरीत राहिले तर आणखी अर्धा चमचा तूप पातळ करून घालावे. पाणी किंवा दूध घालू नये. पाण्याचा हात लागला की लाडू दोन-चार दिवसांत बुरसतो. कोरडा लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस चांगला राहतो.

लाडू वळतो कसा?

काही जणांना कारण कळल्याशिवाय कृती पटत नाही, म्हणून थोडे सांगतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. दाणा अखंड असतो तोवर ते आत कोंडलेले असते. कुटल्यावर बाहेर येते आणि गुळाच्या चिकटपणाबरोबर सगळे बांधून ठेवते. म्हणून कूट फार कोरडा, रवाळ ठेवला तर लाडू फुटतो.

खोबऱ्याचे तेल आणखी एक काम करते. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते, हे आपण दरवर्षी पाहतो. साधारण २४ अंशांच्या खाली हे तेल घट्ट होते. त्यामुळे मार्गशीर्ष-पौषात केलेला लाडू तासाभरात टणक होतो आणि तोच चैत्र-वैशाखात मऊ राहतो. उन्हाळ्यात लाडू बसले तर कृती चुकली असे समजू नये. डबा गार जागी ठेवावा.

दुसरा प्रकार : खजूर-काजूचा

यात गूळही नको आणि साखरही नको. बी काढलेला मऊ खजूर पाव किलो, काजू-बदाम मिळून १०० ग्रॅम आणि खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम घ्यावा. काजू-बदाम आधी जाडसर वाटून घ्यावेत, मग खजूर घालून फिरवावा. गोळा जमला की छोटे लाडू वळून किसात घोळवावेत. काजू-बदाम परवडत नसतील तर भाजलेले शेंगदाणे घ्यावेत, काही बिघडत नाही. खजुराची स्वतःची गोडी भरपूर असते, त्यामुळे 'बिनसाखरेचा' म्हणून मधुमेही माणसाने यावर ताव मारू नये.

ओल्या नारळाचाही असा लाडू होतो आणि चव तर फार सुरेख लागते. पण ओल्या खोबऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात ते सहा टक्क्यांच्या आसपास उरते. न शिजवलेला ओला लाडू म्हणूनच त्याच दिवशी संपवावा. सणाला आठ दिवस आधी करून ठेवायचा असेल तर सुकेच खोबरे वापरावे.

साखर कारखाना आणि गुळाची शिफारस?

हा प्रश्न कुणीतरी विचारणार, याची आम्हाला खात्री आहे. सभासदांना सवलतीची साखर मिळते, तिची पिठीसाखर करूनही हे लाडू होतात. मात्र साखर कोरडी असल्याने तूप थोडे अधिक लागते आणि लाडू पांढुरका दिसतो. गुळाने बांधणी चांगली होते आणि दाण्याशी त्याची चव जुळते, म्हणून गूळ सांगितला. कारखान्याकडे नोंदवलेला ऊस गुऱ्हाळाला घालू नये हे आमचे सांगणे कायम आहे. पण घरापुरती ढेप विकत आणल्याने कारखान्याचे गाळप काही कमी होत नाही!

गूळ घेताना रंगाला भुलू नये. अगदी पिवळाधमक गूळ हा पुष्कळदा रसायन वापरून उजळ केलेला असतो. तपकिरी, चवीला खारट न लागणारा गूळ घ्यावा.

आता मुख्य मुद्दा : दाणे निवडणे

सन १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अचानक मेले. रोग कळेना. शोध घेता घेता त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी संशय गेला. पेंडीवर एक पिवळट-हिरवी बुरशी वाढली होती आणि तिने विष तयार केले होते. त्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' असे नाव मिळाले. आपल्या देशात १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. तिथेही हेच विष सापडले.

हे विष यकृतावर घाला घालते. थोडे थोडे पोटात जात राहिले तरी पुढे यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुख्य म्हणजे ते उष्णतेला दाद देत नाही. दाणे भाजले, तळले किंवा शिजवले तरी पूर्ण जात नाही. बुरशी पुसली, धुतली किंवा उन्हात झटकली, तरी आत मुरलेले विष तसेच राहते. म्हणून "भाजलं की सगळं मरतंय" ही समजूत सभासदांनी सोडून द्यावी.

शेंगेला ही बुरशी तीन वाटांनी गाठते. पीक पक्व होण्याच्या सुमारास पाण्याचा ताण पडला तर, काढणीत शेंग फुटली किंवा किडीने पोखरली तर, आणि ओलसर शेंगा पोत्यात भरून जमिनीवर टाकल्या तर. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

काढणीनंतर वेल उलटे पसरून शेंगा उन्हात चांगल्या वाळवाव्यात. शेंगेतला ओलावा आठ टक्क्यांवर आला पाहिजे. मोजायचे यंत्र घरात नसते, म्हणून साधी खूण अशी : शेंग कानाशी हलवली की आत दाणा खुळखुळतो, दाणा बोटांत चोळला की साल सुटते आणि दाताखाली कट्कन तुटतो. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावीत. घरासाठीचा साठा शेंगांतच ठेवावा आणि लागतील तसे दाणे फोडावेत. फोडलेल्या दाण्याला हवा आणि ओल लवकर लागते. कुटाचे तर विचारूच नये. तो महिनाभर पडून राहिला की खवटतो.

लाडवासाठी दाणे ताटात पसरून उजेडात निवडावेत. काळपट, हिरवट, सुरकुतलेले, भोक पडलेले आणि मोड आलेले दाणे बाजूला काढावेत. खाताना एखादा दाणा कडू लागला तर तो गिळू नये, थुंकून टाकावा. खोबऱ्यालाही हाच न्याय लावावा. वाटीला काळी-हिरवी बुरशी दिसली की चाकूने खरवडून वापरण्याची पद्धत आहे, ती बरी नव्हे.

"मग हे निवडलेलं जनावराला घालू," असे म्हणाल, तर तेही करू नये. असली पेंड किंवा दाणे खाल्लेल्या गाई-म्हशीच्या दुधात हे विष बदललेल्या रूपात उतरते. ते दूध पुन्हा आपल्याच पोरांच्या पेल्यात येते. खराब दाणे सरळ पुरून टाकावेत. शेर-दीड शेर मालाचे नुकसान परवडते.

लाडू शिवारात पिकवायचा तर

सुरू उसाची लागण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत होते. ऊस लहान असतो तोवर सरीत ऊन आणि जागा मोकळी असते. थंडी ओसरू लागताच, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धात, वरंब्याच्या बगलेला उपट्या जातीचा भुईमूग टोकावा. टी.ए.जी. २४ सारखी लवकर येणारी जात यासाठी सोयीची. मेमध्ये शेंगा निघतात आणि उसाची मोठी बांधणी त्यानंतर करता येते. पाला सरीतच गाडावा, म्हणजे जमिनीला सेंद्रिय खत मिळते. लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट : भुईमूग घ्यायचा असेल तर उसात नेहमीचे ॲट्राझीन किंवा टू-फोर-डी हे तणनाशक फवारू नये. भुईमूग त्याने जळतो. भांगलण करूनच तण काढावे.

सगळ्या क्षेत्रात भुईमूग घ्या असे आमचे म्हणणे नाही. घरच्या वर्षाच्या कुटाला आणि लाडवाला दोन-चार गुंठे पुरतात. मात्र त्या दोन-चार गुंठ्यांतली चांगली शेंग घरासाठी आधी बाजूला काढावी आणि उरलेली बाजारात न्यावी.

नारळ उसाच्या मधोमध लावू नये, सावलीने ऊस दबतो. घराच्या परसात, विहिरीपाशी किंवा पाटाच्या कडेला साडेसात मीटर अंतरावर लावावा. बाणवली जातीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, पण पुढे ती दोन-तीन पिढ्यांना नारळ देते. फूल फळल्यापासून नारळ पक्व व्हायला सुमारे १२ महिने लागतात, तेव्हा खोबऱ्यासाठी कोवळे नारळ उतरवू नयेत. पक्व नारळ फोडून वाट्या उन्हात उपड्या-सुलट्या करीत वाळवल्या की काही दिवसांत खोबरे करवंटीपासून आपोआप सुटते. ढगाळ हवेत हे काम काढू नये.

किती खावा आणि कुणी खावा

पहिल्या प्रकारच्या एका लाडवात साधारण १४० कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि सात ग्रॅम गूळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असा सल्ला दिला आहे की, वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, पाच टक्क्यांच्या आत आले तर अधिक चांगले. मोठ्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम होतात आणि त्यात गूळही धरायचा असतो. चहाची साखर त्यातच मोजली तर दिवसाला एक, फार तर दोन लाडू पुरेत. आम्ही साखर कारखान्याची माणसे असूनही हे सांगतो, कारण सभासदाची तब्येत ठीक राहिली तरच ऊस वेळेवर येईल! ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गूळ साखरेपेक्षा निर्धोक आहे असे मानू नये.

अंगावर पिणाऱ्या आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे दाणे किंवा बदाम देऊ नयेत, ते घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट अगदी बारीक करावा. दाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणाऱ्या किंवा धाप लागणाऱ्या माणसाने हे लाडू वर्ज्य करावेत.

आणखी एक गोष्ट माता-भगिनींसाठी. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. गुळाच्या लाडवाने रक्त भरून येते असे पुष्कळ ठिकाणी बोलले जाते. लाडू हे औषध नव्हे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यातच. लाडवाचा उपयोग वेगळा आहे. पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी थापून शेतात जाणारी बाई स्वतः दुपारपर्यंत चहावर असते. तिच्या पदराच्या गाठीला दोन लाडू असले तर तेवढाच आधार. घरातल्या कर्त्या पुरुषांनी डबा उघडताना पहिले दोन लाडू कुणाच्या हातावर ठेवायचे, हे ठरवावे.

हंगाम सुरू झाला की तोडणीची टोळी आपल्या फडात येते. पहाटेच्या थंडीत कोयता धरणाऱ्या बायका-माणसांबरोबर त्यांची लहान पोरेही कोप्यांवर असतात. ज्या दिवशी आपल्या फडाला तोड बसेल, त्या दिवशी घरून पाव किलो दाण्याचे लाडू करून त्या पोरांना द्यावेत. खर्च फार नाही. मात्र तेही निवडलेल्या दाण्यांचेच असावेत.

ज्या महिला बचत गटांना असे लाडू विकायचे असतील त्यांनी अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्यावी आणि डब्यावर केल्याची तारीख व 'शेंगदाणे आहेत' ही सूचना लिहावी.

सुरू लागणीत भुईमूग टोकण्याविषयी काही विचारायचे असल्यास सभासदांनी आपापल्या गट कार्यालयात शेतकी मदतनिसाकडे नाव नोंदवावे. आम्ही फडावर येऊन सरी पाहून सांगू. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहू. तोवर मडक्यातली घरची रास एकदा उजेडात ओतून निवडून घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी